पूरग्रस्तांना मदत करायचीय? आधी तो टेम्पो थांबवा

ऑगस्टचा पहिला-दुसरा आठवडा. बातम्यांमध्ये पंचगंगा पात्राबाहेर, आणि संध्याकाळपर्यंत कोथरूडपासून हडपसरपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच निरोप: ‘आपल्या सोसायटीतर्फे टेम्पो जाणार आहे. जुने कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या रविवारपर्यंत पार्किंगमध्ये आणून द्याव्यात.’ टेम्पो निघतो सोमवारी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ पाणी आल्यामुळे पुणे-बंगळूर महामार्गच बंद पडला होता, आणि अशा वेळी सोमवारची गाडी वाटेतच रांगेत उभी राहते. रस्ता खुला होतो तेव्हा गावातलं पाणी ओसरलेलं असतं. लोकांना खराटे, फावडी आणि ब्लिचिंग पावडर हवी असते, आणि टेम्पोतून उतरतात बिस्किटं.

ज्यांना पहिल्यांदाच मदत द्यायची आहे, पाचशे असोत की पन्नास हजार, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणं बहुतेक पुराची घेतली आहेत, कारण पुणेकरांपर्यंत हाक येते ती बहुतेक वेळा पुराचीच. भूकंप आणि दरड यांना क्रम तोच, फक्त सामान वेगळं.

आधी कॅलेंडर बघा

पहिले तीन दिवस बोटी, बचाव पथकं, तयार जेवण आणि पिण्याचं पाणी यांचे असतात. हे काम जिल्हा प्रशासन आणि शेजारची गावं करतात. पुण्यातून त्यात काही पोचत नाही, आणि पोचवायचा प्रयत्नही करू नये. गरम चपात्या फॉइलमध्ये गुंडाळून पाठवल्या की आतल्या वाफेने त्या रात्रीपर्यंत चिकट होतात आणि सकाळी वास मारतो. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू टिकतात, पण तेही जवळच्या तालुक्यातून आलं तरच वेळेवर येतं.

चौथ्या दिवसापासून साधारण पंधराव्यापर्यंत चिखल काढणं, विहिरी आणि टाक्या साफ करणं, कोरडा शिधा, साबण, पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर, अंथरूण-पांघरूण. त्यानंतर दोन-तीन महिने भांडी, शेगडी, वह्या-पुस्तकं, जनावरांचा चारा, बियाणं. आणि मग घरं आणि जमीन, ज्याला वर्षं लागतात.

देणग्यांचा ओघ नेमका उलटा असतो. पहिल्या आठवड्यात पैसा आणि सामान धो धो येतं, महिन्याभरात बातम्या थांबतात आणि तोही आटतो. म्हणून ठरवलेल्या रकमेचे सुरुवातीलाच दोन भाग करा. निम्मी आत्ता, निम्मी तीन महिन्यांनी. दहा हजार द्यायचे असतील तर पाच हजार आज आणि उरलेल्या पाचांसाठी फोनमध्ये तारखेची आठवण लावून ठेवा. लक्षात राहील या भरवशावर राहू नका, राहत नाही.

सामान नको, पैसे का

पैसे पाठवले की सामान तिथल्याच बाजारात घेता येतं. मिरज, इचलकरंजी, बार्शी, लातूर इथले घाऊक व्यापारी पाण्यात गेलेले नसतील तर दोन दिवसांत ट्रक भरून देतात. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचं डिझेल वाचतं. शिवाय ज्याचं दुकान बुडालं त्याच्या शेजारच्याचा धंदा चालतो, आणि पुरानंतर त्या बाजारपेठेला तेही हवंच असतं. भवानी पेठेतून घाऊक भावात माल उचलला म्हणून फार स्वस्त पडतो असंही नाही. गाडीभाडं आणि हमाली धरली की फरक उरत नाही.

दुसरं कारण वाटपाचं. बाहेरून आलेली गाडी हमरस्त्यालगतच्या पहिल्या गावात रिकामी होते. त्या गावात एकेका घरात सहा-सहा चादरी जमतात आणि चार किलोमीटर आतल्या वस्तीवर काही जात नाही. कोणाच्या घरात किती पाणी होतं आणि कोणतं घर यादीतून सुटलं, हे तिथे आधीपासून काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं.

शिध्याचं पाकीट हे याचं चांगलं उदाहरण. ‘महिनाभराचा शिधा’ म्हणून जे पाकीट वाटलं जातं, ते एकदा हिशेबाला लावून बघा. पाच किलो तांदूळ, पाच किलो कणीक, दोन किलो तूरडाळ, एक किलो साखर, एक लिटर तेल, वर मीठ-मसाला आणि चहा. धान्य-डाळीच्या एका किलोत साधारण ३,५०० किलोकॅलरी, म्हणजे बारा किलोंच्या ४२,०००. साखरेच्या ४,०००, तेलाच्या ८,२००च्या आसपास. बेरीज ५४,०००. मदतकार्यात जगभर वापरले जाणारे स्फिअर निकष माणशी रोज २,१०० किलोकॅलरी धरतात, तेव्हा पाच माणसांच्या घराला रोज १०,५०० लागतात. पाकीट पाच दिवसांत संपतं! तीस घरांना पाच दिवस की दहा घरांना पंधरा दिवस, हा निर्णय गावात बसून घ्यायचा असतो, पुण्यातल्या पार्किंगमध्ये नव्हे.

आणखी एक गोष्ट पाकीट भरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. वीज नसेल तर गिरणी बंद, त्यामुळे अख्खे गहू-ज्वारी उपयोगाची नाही. बरं, पीठ पाठवावं तर पावसाळी हवेत ओल धरतं, जाळ्या होतात. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं आणि भाकरी थापतानाच तुटते. म्हणजे पीठ ताजं हवं, आणि ताजं ते जवळूनच मिळतं.

कोणाला द्यायचे

ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली सरकारी निधीची. मुख्यमंत्री सहायता निधी किंवा पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी (हा १९४८पासून आहे) यांना दिलेल्या रकमेवर शंभर टक्के वजावट मिळते, आणि संस्था खरी की खोटी हे तपासायची कटकट नाही. पण कोणत्या गावात खर्च व्हावा हे आपल्या हातात राहत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीतून गरीब रुग्णांच्या उपचारांनाही पैसे जातात. ते कामही मोलाचंच, पण पैसे पुरासाठीच जावेत असा आग्रह असेल तर हे आधी माहीत हवं.

दुसरी वाट संस्थेची. इथे अर्धा तास खर्च करा. त्या गावात किंवा निदान त्या तालुक्यात पुराच्या आधीपासून काम करणारी संस्था शोधा. पुरानंतर जन्मलेली नको. मग खालच्या गोष्टी बघा.

नोंदणी. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांकडचा क्रमांक असतो, ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षर, मग आकडा आणि जिल्ह्याचं नाव. पावतीवर आणि लेटरहेडवर तो छापलेला असायला हवा. कंपनी कायद्याच्या कलम ८खालच्या कंपन्याही असतात, त्यांची नोंदणी वेगळीकडे. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवर नाव असणं चांगलं, पण ती माहिती संस्थेनेच भरलेली असते. तिथे नाव आहे म्हणजे कामाची ग्वाही मिळाली असं समजू नका.

80जी. करसवलतीची ही मान्यता २०२१मध्ये सगळ्यांना नव्याने घ्यावी लागली आणि आता ती मुदतीची असते. कोणी त्याआधीचं ‘कायमस्वरूपी’ प्रमाणपत्र दाखवलं तर नवीन मागा.

आणि फोन. वेबसाइटपेक्षा फोनवर जास्त कळतं. तीन प्रश्न पुरतात: आज तुमची माणसं कोणत्या गावात आहेत? तिथे काय कमी पडतंय? काय पाठवू नये? ‘आम्ही सगळीकडे आहोत, सगळंच लागतंय’ असं उत्तर आलं की फोन ठेवा. ‘कपडे कृपया नकोत, दोन शाळांच्या खोल्या साफ करायला प्रेशर पंप भाड्याने हवाय’ असं कोणी म्हणालं तर तिथे पैसे द्या. नको म्हणू शकणारी संस्था सहसा कामाची असते.

‘तुमचा एकेक रुपया थेट पूरग्रस्तांपर्यंत’ या घोषणेला भुलू नका. गाडीचं डिझेल, यादी करणाऱ्याचा पगार, गोदामाचं भाडं कोणीतरी भरतंच. खर्च शून्य दाखवणारी संस्था तो दुसरीकडे दाखवते किंवा कामच कमी करते. विचारायचं ते एवढंच की लेखापरीक्षण झालेले गेल्या वर्षीचे हिशेब पाहायला मिळतील का.

रक्कम अमुक एका कामालाच बांधून देणं टाळा. ‘फक्त दप्तरांसाठी’ म्हणून पैसे आले आणि दप्तरं आधीच झाली असतील तर संस्थेची पंचाईत होते. २००४च्या त्सुनामीनंतर आठवडाभरातच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेने त्या आपत्तीसाठी पुरेसे पैसे जमल्याचं सांगून देणगीदारांना थांबायला सांगितलं होतं. पावतीवर ‘आपत्ती निवारण, गरजेप्रमाणे’ लिहून द्या.

पैसे देताना

आपत्ती आली की खोटे क्यूआर कोड पसरतात. २०२०मध्ये पीएम केअर्सच्या यूपीआय आयडीतलं इंग्रजी ‘एस’ हे एकच अक्षर गाळून बनवलेला आयडी फिरत होता, आणि घाईत ते कोणाला दिसत नाही. म्हणून फॉरवर्ड झालेला क्यूआर कोड वापरायचाच नाही. संस्थेचं संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा, सरकारी निधी असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना बघा. आधी एक रुपया पाठवा. स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते संस्थेचं पूर्ण नाव असायला हवं. एखाद्या व्यक्तीचं नाव आलं, ‘हे आमच्या खजिनदाराचं खातं आहे’ असं सांगितलं, तरी थांबा. देणगी परत मिळवण्यासाठी किंवा पावतीसाठी कोणी पिन टाकायला सांगितलं तर ती फसवणूकच. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

फसलोच तर पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा.

यूपीआय किंवा एनईएफटीने रक्कम पूर्ण पोचते. क्रेडिट कार्डावर पेमेंट गेटवे साधारण दोन टक्क्यांच्या आसपास कापतो. लोकवर्गणीच्या संकेतस्थळांवर शेवटच्या पानावर ‘टिप’ची पट्टी आधीच पुढे सरकवलेली असते. ती शून्यावर आणता येते, फक्त दिसायला हवी.

रोख द्यायची तर दोन हजारांपर्यंतच, त्यावरच्या रोख देणगीला करसवलत नाही. वस्तू दिल्या तर त्यांनाही नाही.

सोसायटीतून किंवा मंडळातून गोळा करताना एक चूक सर्रास होते. सेक्रेटरी किंवा कार्यकर्ता स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेतो आणि मग एकरकमी पाठवतो. पावती त्याच्या एकट्याच्या नावाने येते, बाकीच्या साठ घरांना काही नाही, आणि दोन महिन्यांनी सभेत ‘हिशेब कुठे आहे’ सुरू होतं. त्यापेक्षा ग्रुपवर संस्थेचं खातं टाका, ज्याने त्याने थेट भरावं आणि पावतीचा फोटो टाकावा. बाहेर, रस्त्यावर डबा घेऊन फिरणार असाल आणि मंडळाची नोंदणी नसेल, तर गणपतीच्या वर्गणीला लागते तशी कलम ४१क खालची धर्मादाय आयुक्तांची परवानगी इथेही काढा.

मुलगा-मुलगी परदेशी असेल तर अजून एक फाटा आहे. पासपोर्ट भारतीयच असेल तर त्यांनी बँकेतून दिलेली देणगी ‘विदेशी’ धरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी होते. मग संस्थेकडे विदेशी देणग्या घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जायला हवेत. ‘माझ्या खात्यात टाक, मी इथून देतो’ हा शॉर्टकट संस्थेला अडचणीत आणू शकतो.

करसवलतीचं खरं चित्र

नवी करप्रणाली घेतली असेल तर देणगीवर वजावट नाही. विषय संपला. २०२३-२४पासून ती आपोआप लागू होते, त्यामुळे पुष्कळांना हे विवरणपत्र भरतानाच कळतं. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांना दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर वजावट असते, तीही उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत. समजा तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात आहात आणि ५,००० दिले. वजावट २,५००ची, कर वाचला ५००, उपकर धरून ५२०. हेच मुख्यमंत्री सहायता निधीला दिले तर १,०४०. या फरकासाठी संस्था बदलू नये असं आमचं मत.

साधी पावती पुरत नाही. संस्था वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याकडे भरते आणि त्यातून तुमच्या नावाचं 10बीई प्रमाणपत्र निघतं. त्यासाठी पॅन पैसे देतानाच द्यायचा. १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. लोक मात्र अजून बरीच वर्षं 80जीच म्हणतील.

तरीही सामानच द्यायचं असेल

घरात चांगल्या वस्तू पडून असतात आणि त्या द्याव्याशा वाटतात, हे समजण्यासारखं आहे. मग किमान या रीतीने.

आधी ज्याला द्यायचं त्याची लेखी मागणी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही चालेल: वस्तू, नग, कोणत्या तारखेपर्यंत, उतरवून कोण घेणार. संस्था नसेल तर तहसील कार्यालयात किंवा १०७७ या जिल्हा नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर विचारा (पुण्यातून फोन लावताना त्या जिल्ह्याचा एसटीडी कोड आधी लावायचा, नाहीतर तो पुण्याच्याच कक्षात लागतो).

जुने कपडे हा सगळ्यात दुखरा विषय. त्सुनामीनंतर तमिळनाडूत रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पडून होते, आणि आपल्याकडेही दर पुरात तेच होतं. तुम्ही स्वतः उद्या घालून बाहेर जाल असेच कपडे द्या. धुवून, वाळवून, मापाप्रमाणे. साडी असेल तर तिच्यावरचा परकर आणि ब्लाउजपीस त्याच गठ्ठ्यात बांधा. नुसती साडी मिळालेली बाई ती नेसणार कशी? म्हाताऱ्या बायकांसाठी नऊवारी वेगळी. अंतर्वस्त्रं फक्त नवी. जीन्स, लग्नातले घागरे, एकाच पायाची चप्पल नको.

औषधं पाठवू नका. घरातल्या उरलेल्या पट्ट्या तर नाहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की देणगीतल्या औषधाची मुदत पोचताना निदान वर्षभर शिल्लक हवी. बाळदुधाचे डबे आणि दुधाच्या बाटल्याही नकोत. गढूळ पाण्यात कालवलेलं दूध तान्ह्या बाळाला जुलाब लावतं, आणि ते फुकट वाटण्यावर १९९२च्या कायद्याने बंधन आहे.

चालणाऱ्या गोष्टी: ताडपत्री (चार बाय सहा मीटर हे माप एका घराला पुरतं, कडेला रिंगा आणि सोबत दोरी), झाकणाची वीस लिटरची बादली, घमेली, फावडी, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, सॅनिटरी पॅड. साबणाचा हिशेब माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाचा आणि २०० ग्रॅम कपड्यांचा. गोणी वीस किलोंच्या आत ठेवा, एका माणसाला उचलता येईल अशी, आणि बाहेर मोठ्या अक्षरात लिहा: ‘पुरुष शर्ट, ४० नंबर, २५ नग’. नुसतं ‘कपडे’ लिहिलेली गोणी तिथे कोणी उघडत नाही, उघडायला माणसं नसतात.

रक्त आणि हातभार

दुर्घटनेच्या दिवशी रक्तपेढीसमोर रांग लागते. पण साठवलेलं रक्त ३५ ते ४२ दिवस टिकतं, प्लेटलेट्स पाचच दिवस. पेढी बोलावेल तेव्हा जा. एकदा दिलं की पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवस थांबायचं असतं, म्हणजे सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं तर पुढचे तीन महिने पेढीने कोणाकडे बघायचं?

स्वतः जायचंच असेल तर आमंत्रण असेल तरच, आणि स्वतःचं पाणी, जेवण, झोपायची सोय घेऊन. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. वायरमन, प्लंबर, जनावरांचे डॉक्टर यांना मागणी असते. सेल्फी काढणाऱ्यांना नाही.

तीन महिन्यांनंतरचा फोन

आता बाजूला ठेवलेली निम्मी रक्कम. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ला. त्यानंतर पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि तिथल्या जागांच्या मालकीचा प्रश्न पुढे कित्येक दशकं रेंगाळला. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणलं, ज्ञानप्रबोधिनीने हराळीला काम उभं केलं. दोन्ही कामं वर्षानुवर्षांच्या खर्चाची होती.

सप्टेंबर २०२५मध्ये सीना नदीच्या पुराने धाराशिव-सोलापूरकडची जमीन खरडून नेली. अशा वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतं ते हरभरा-ज्वारीचं बियाणं, विहिरीतला गाळ काढायला यंत्राचं भाडं, आणि चारा: एका मोठ्या जनावराला रोज पंधरा-वीस किलो हिरवा किंवा पाच-सहा किलो कडबा. तेव्हा आधी ज्या संस्थेला दिले तिलाच फोन करा. पहिल्या पाच हजारांचं काय झालं ते विचारा, आणि मग यादीत काय उरलंय ते. पेरणीची तारीख विचारायला विसरू नका. बियाण्याचे पैसे पेरणीच्या निदान दहा दिवस आधी पोचावे लागतात, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आल्यावर शेतकरी थांबत नाही.